कोणाची गो तू? : कोकणात थ्रिलर काढणाऱ्यांना खुलं पत्र

कोकणात येऊन थ्रिलर शूट करणारे समस्त मराठी लेखक, दिग्दर्शक, प्रोडक्शनवाले यांना, आणि त्यातही यंदा जानेवारीत माझ्याकडे अकरा दिवस राहून रेकी करून, म्हणजे शूटिंगच्या जागा बघून गेलेल्या टीमला,

सप्रेम नमस्कार.

तुमचा मेसेज मिळाला. होमस्टेवाल्या काकांचा रोल मीच करावा असं तुमचं म्हणणं आहे. "काका, तुमचा चेहरा एकदम ओरिजिनल आहे, मेकअपचीपण गरज नाही" असं तुमच्या असिस्टंट मुलीने व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, ती नोट मी घरात सगळ्यांना ऐकवली, आईच्या तर कानाशी धरून ऐकवली, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. खरं तर हो किंवा नाही एवढंच टाइप करायचं होतं पण तीनदा टाइप करून तीनदा पुसलं आणि आता हे असं सगळ्यांसमोर लिहायला बसलोय. सगळ्यांसमोर अशासाठी की तुम्ही काय एकटे नाही. हल्ली जो उठतो तो ड्रोन घेऊन आमच्याकडे थ्रिलर काढायला येतो, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत पळून आलेलं एक जोडपं असतं, मागे लागलेला बाप असतो, आणि तो एक काका असतो.

तुमची गोष्ट शेवटच्या रात्री सुरमई खाताना तुम्हीच मला सांगितलीत. पोरगी बागायतदाराची, पोरगा खालच्या वाडीतला. दोघं पावसात पळतात. बाप दुनाळी बंदूक घेऊन जीपमधून मागे. पोरं एका होमस्टेवर येतात, काका काही न विचारता दार उघडतो, त्यांना बागेतल्या मांगरात, म्हणजे शेतघरात लपवतो, बाप येतो, काकाच्या छातीला बंदूक लावतो, काका तोंड उघडत नाही. ठो. इंटरवल.

म्हणजे मी इंटरवलला मरतो. मरायला माझी काही हरकत नाही. हरकत त्याच्या आधीच्या सीनला आहे, त्याच्याकडे येतो, पण आधी जरा भूगोलाचं बोलू, कारण तिथूनच सगळं चुकायला लागतं.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये पोरं रात्रभर गाडी पळवतात. कुठे पळवतात हो? गुहागर तालुक्याचा नकाशा उघडून बघा एकदा. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. तीन बाजूंनी पाणी. बाहेर पडायचं तर धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ म्हणजे दापोली साइड, तवसाळहून फेरीबोटीने जयगड म्हणजे रत्नागिरी साइड, नाहीतर भातगावचा पूल, नाहीतर शृंगारतळीवरून सरळ चिपळूण, गुहागरपासून साधारण ४५ किलोमीटर. मोठी म्हणावीत अशी ही चारच तोंडं, बाकी आतले रस्ते फिरून फिरून परत यातल्याच एकावर येतात. फेरीबोटी रात्री बंद. समुद्रातून जाऊ म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, होड्या वर ओढून शाकारलेल्या, आणि त्या खवळलेल्या पाण्यात प्रेमासाठी होडी काढणारा तांडेल मला तरी अजून भेटायचाय. देशावरची पोरं कुठल्यातरी पाणंदीतून निघून पहाटे दुसऱ्या जिल्ह्यात पोचत असतील, इकडे तसं नाही. इकडे बापाला जीप काढायलाच लागत नाही. बाप पडवीत झोपाळ्यावर बसून राहतो आणि चार तोंडांना चार फोन लावतो.

आणि फोन लावायला माणसं कुठून आणायची हा प्रश्नच नाही, कारण आम्ही सगळेच आहोत.

आमच्याकडे एक प्रश्न आहे. अनोळखी पोरगी रस्त्यात दिसली, एसटीत शेजारी बसली, देवळात प्रसादाला आली, की म्हातारी माणसं तोंडभर हसून विचारतात, "कोणाची गो तू?" नाव नाही विचारत. कोणाची ते विचारतात. पोरीने वाडी सांगितली की जात कळली, बापाचं नाव सांगितलं की भावकी कळली, आणि मग "अरे म्हणजे अमक्याची नात ना तू, तुझी आजी माझ्या मावशीची जाऊ" असं करत दहा मिनिटांत गाठोडं सोडून झालं. आधार कार्ड २०१० साली आलं, आमचं हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि त्याला ओटीपी लागत नाही. यात माया असते, खोटं कशाला बोलू, मुंबईत वीस वर्षं शेजारी राहून कुणी असं विचारत नाही. पण घरातून निघालेल्या पोरीला हा प्रश्न कसा ऐकू येत असेल हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं.

आता बाप. तुमचा बाप मिशीला पीळ देतो, माडाची दारू पितो, नोकराला लाथ मारतो. म्हणजे पहिल्या सीनलाच थेटरात सगळ्यांना कळतं की हा डेंजर आहे. मी ज्या बापाबद्दल लिहितोय (गाव, वाडी, वयं थोडी थोडी बदलली आहेत, ओळखायचा प्रयत्न करू नका) तो शिडशिडीत माणूस, दारूला स्पर्श नाही, डायबेटिस असल्यामुळे चहापण बिनसाखरेचा. देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी पावती फाडलेली. शिमग्याला पालखीच्या पुढे. बंदूक होती त्याच्याकडे, पण ती वानरांसाठी आणि डुकरांसाठी, शेती संरक्षणाचा परवाना काढून घेतलेली, तशा कोकणात कितीतरी घरांत आहेत आणि इलेक्शन आली की रांग लावून पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात, त्यामुळे बंदूक बघून आमच्याकडे कुणी दचकत नाही. आवाज चढवून बोललेला कुणी ऐकला नव्हता. आणि तरीही सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं की थोरला मुलगा नववीत नापास झाला तेव्हा त्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून दोन रात्री ठेवला होता, बायको मध्ये पडली तर तिच्या हाताचं मनगट कायमचं वाकडं झालं. आम्ही हे लग्नाच्या पंगतीत हसत हसत सांगायचो. वर म्हणायचो, "कडक आहेत हो, पण मनाने चांगले."

कडक. हा शब्द तुमच्या डायलॉग रायटरला लिहून घ्यायला सांगा. तुम्ही लोक क्रूर, सैतान, नराधम असले शब्द वापरता, कोकणात असा शब्द कोणी कधी वापरत नाही. मारणारा बाप कडक असतो, पोरीला कोंडणारा बाप शिस्तीचा असतो आणि बायकोला मारणारा जरा तापट. चहा नाही का कडक असतो, तसंच.

तर २२ जुलै २०२१. तारीख बदलायची गरज नाही कारण त्या दिवशी सगळ्या कोकणालाच कोण कुठे होता ते लक्षात आहे. चिपळूण बुडालं तो दिवस. वाशिष्ठी शहरात शिरली, एसटी डेपोतल्या गाड्या पाण्याखाली, कोकण रेल्वे ठप्प, हायवेचा जुना पूल खचला. आमच्याकडे लाइट गेलेली, मोबाइलचं नेटवर्क येऊन जाऊन. कोरोनाने आधीच दीड वर्ष रूम रिकाम्या, दारावरची न्याहारी-निवासची पाटी शेवाळून गेलेली. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक मोटारसायकल अंगणात आली. वर दोघं, चिंब भिजलेली, एक सॅक, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पोरगा म्हणाला चिपळूणला जात होतो, रस्ता बंद आहे म्हणून मागे फिरवलं, आजची रात्र मिळेल का.

माझ्या पडवीत तेव्हा अजून एक पाटी होती. "अविवाहित जोडप्यांना रूम दिली जाणार नाही." असा काही कायदा नाही बरं का, दोन सज्ञान माणसांना रूम देऊ नका असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, ती पाटी शेजारच्याने लावली म्हणून मी लावलेली. त्या दोघांनी ती वाचली. पोरगी म्हणाली, "काका, आम्ही पडवीतपण झोपू." आई आतून ओरडली की मेल्या पोरांना आत तरी घे आधी. मी घेतलं. आधार कार्ड मागितलं, तेवढा नियम मी पाळतो. पोरगा बावीसचा. पोरगी एकोणीसची. तिच्या कार्डावरचं आडनाव आणि गाव वाचलं आणि मी अगदी प्रेमाने, खरंच प्रेमाने, तिला विचारलं, "कोणाची गो तू?"

तिने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, सांगू नका."

तुमच्या स्क्रिप्टमधला काका इथे तिच्या डोक्यावरून हात फिरवतो.

मी म्हटलं, "नाही गो, कशाला सांगतोय." आणि छत्री घेऊन मागच्या दाराने निघालो. खाली रेंज नव्हती. रेंज यायची तर घरामागची पाखाडी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जावं लागायचं. चिऱ्याच्या पायऱ्या, शेवाळलेल्या, वरून पाण्याचा लोंढा, दोनदा घसरलो, गुडघा फुटला. वीस मिनिटं लागली. हे मी मुद्दाम लिहितोय. फोन हातात होता आणि पटकन लागला आणि तोंडातून निघून गेलं असं झालेलं नाही. वीस मिनिटं चढत होतो आणि सगळा वेळ डोक्यात हेच की आपली पोरगी असती तर, पावसापाण्याची कुठेतरी, बापाच्या जिवाची काय अवस्था झाली असेल. त्याच्या मुलाचा गोठ्यातला खांब मला माहीत होता. तो खांब त्या वीस मिनिटांत एकदाही आठवला नाही.

फोन लागला. मी म्हटलं, मुलगी सुखरूप आहे, माझ्याकडे आहे, काळजी नसावी. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं तुम्ही होतात." आणि मग, अगदी हळू, "तिला कळू देऊ नका. मी येतोय."

कळू देऊ नका. ज्याला पोरगी सुखरूप पाहिजे तो असं कशाला म्हणेल? हे मला तिथेच सड्यावर कळायला पाहिजे होतं, कळलंही असेल कुठेतरी, पण मी खाली आलो आणि सांगितल्याप्रमाणे वागलो. कंदील लावला. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा. पोरांना वाढलं, आग्रह करकरून वाढलं. पोरगा म्हणाला पाऊस कमी झाला तर रात्रीच निघतो, मी म्हटलं वेड लागलंय का, रस्त्यावर झाडं पडलीयत, सकाळी बघू. मी त्यांना जेवायला घालत होतो का थांबवून ठेवत होतो? दोन्ही एकाच हाताने चाललं होतं.

बाप साडेआठला आला. दोन गाड्या. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, पडवीत बसला. दोघं पुतणे विहिरीजवळ उभे. आरडाओरडा काही नाही. पोरगी बाहेर आली, त्याने तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "चल बाय, आई जेवली नाहीये." ती गेली. गाडीत बसेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी सांगतो तुम्हाला, तुमचा तो स्लो मोशनमधला मागे वळून बघण्याचा शॉट काढून टाका. पोरग्याबद्दल पुतण्यांपैकी एक म्हणाला, "ह्याला आम्ही सोडतो घरी." त्याची मोटारसायकल चार दिवस माझ्या अंगणात होती. तो पाच दिवसांनी एका दवाखान्यात सापडला, हात दोन ठिकाणी मोडलेला, केसपेपरवर पुरात घसरून पडला असं लिहिलेलं. त्या आठवड्यात चिपळुणात माणसं वाहून गेली होती, दरडी कोसळल्या होत्या, कोण विचारतो एका हाताबद्दल. पावसाने सगळ्यांचं नुकसान केलं, त्या बापाला मात्र त्याने आयतं कारण दिलं.

पुढचा शिमगा आला. पोरग्याच्या वाडीत पालखी गेली, सगळ्या घरांत गेली, त्याच्या घरासमोरून पुढे निघून गेली. कुणी काही बोललं नाही. वाळीत टाकलं असा शब्द कोणी काढत नाही आता, कारण महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झालाय, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तो कायदा व्हायला मोठं कारण आमचं कोकणच, शेजारच्या रायगडमधल्या गावक्यांनी, म्हणजे गावच्या पंचांनी, घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता. आता सगळे हुशार झालेत. ठराव नाही, दंडाची पावती नाही, फक्त पालखीचे भोई त्या दाराशी खांदा बदलत नाहीत. त्याची आई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती म्हणे. तुम्हाला भीतीचा सीन पाहिजे ना? ढोल वाजत वाजत लांब जातोय आणि बाई ताट घेऊन उभी आहे, हा घ्या. जंगल, धुकं आणि घुबड नकोत. आणि जाता जाता, गुहागरच्या माणसाच्या तोंडी मालवणी घालू नका, ती खाली सिंधुदुर्गात, आमच्याकडची बोली वेगळी आहे.

पोलिसांचं पण सांगतो. तुमचा इन्स्पेक्टर पोरग्याची कॉलर धरून म्हणतो "पोरगी पळवलीस, ३६३ लावतो". जुन्या आयपीसीचं ते कलम गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, अपहरण आता १३७ मध्ये आहे, आणि पालकांच्या ताब्यातून पळवलं म्हणायला पोरगी अठराच्या आतली असावी लागते. एकोणीसच्या पोरीची फक्त मिसिंग नोंद होते, सापडली की तिचा जबाब घ्यायचा, ती सांगेल तिकडे तिला जाऊ द्यायचं, बापाच्या हवाली करायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ साली लता सिंग केसमध्ये स्वच्छ सांगितलंय की आईबापांना लग्न पटलं नाही तर फार तर त्यांनी संबंध तोडावेत, धमक्या आणि मारहाण चालणार नाही. मग २७ मार्च २०१८ ला शक्ती वाहिनी केसचा निकाल, प्रत्येक जिल्ह्यात स्पेशल सेल करा, चोवीस तास हेल्पलाइन ठेवा, जिल्ह्याच्या ठिकाणी अशा जोडप्यांसाठी सेफ हाऊस करायचं बघा, महिनाभर, गरज पडली तर वर्षभरापर्यंत राहता येईल असं. हे सगळं मला आता पाठ आहे. २०२१ साली त्यातलं अक्षर माहीत नव्हतं, त्या पोरांनाही नसावं, नाहीतर ती माझ्याकडे न येता सरळ पोलिसांकडे जाती. ती आळंदीला निघाली होती, पळून जाणारी निम्मी पोरं आळंदीलाच जातात, तिथे एका दिवसात लग्न लावून मिळतं.

आणि धर्म वेगवेगळे असले की ते एका दिवसाचंही बंद. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४. आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असायला पाहिजे, मग नोटीस द्यायची, मग ती नोटीस नावापत्त्यासकट ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावायची आणि परत तीस दिवस थांबायचं. आमच्यासारख्या जिल्ह्यात त्या बोर्डासमोरून रोज किती ओळखीची माणसं जात असतील? दाखले काढायला आलेले, सातबाऱ्याच्या कामाला आलेले, नुसतेच सावलीला उभे राहिलेले. प्रत्येकजण वाचणार आणि मनात म्हणणार, ही कोणाची गो? तुम्ही टाइम बॉम्बची घड्याळं दाखवता, इथे सरकारी बोर्डावर टाचणीने लावलेलं तीस दिवसांचं घड्याळ आहे आणि अजून कुणी पिक्चरमध्ये ते धड वापरलेलं मी बघितलेलं नाही.

बरं, त्या मुलीचं. काही महिने ती बाहेर दिसली नाही, लोक म्हणायचे हल्ली दिसत नाही हो, आणि विषय बदलायचे. मे महिना आला, २०२२ चा, आणि एक गडी माझ्याकडे पाच डझनाची हापूसची पेटी ठेवून गेला. चिठ्ठी नाही. गरजही नव्हती. आमच्या घरात आंबा नाही असं नाही पण मी ती पेटी परत पाठवली नाही. माझ्या बायकोने तिला हात लावला नाही, ती त्या रात्रीपासूनच माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आईला काही माहीत नव्हतं, तिने एक फोड तोंडात टाकून निकाल दिला, "बागेतला नाही हो, कातळावरचा आहे, म्हणून एवढा गोड." मीही खाल्ला. उत्तम होता. थ्रिलरमध्ये खबऱ्याला नोटांचं पुडकं मिळतं, मला आढीतला आंबा मिळाला आणि मी साल चोखून खाल्ली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन. तोपर्यंत घरात नेटवर्क यायला लागलं होतं, कुठे चढून जायची गरज उरली नव्हती. "तुमच्याकडे आली का?" मी म्हटलं नाही. खरंच आली नव्हती. कशाला येईल? मग कळलं ती परीक्षेच्या निमित्ताने रत्नागिरीला गेली होती आणि तिथे एकटीच सरळ पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात जाऊन बसली, मी सज्ञान आहे, मला घरी जायचं नाही, माझा जबाब घ्या म्हणाली. कुठून शिकली, कुणी सांगितलं, माहीत नाही. पण त्या बापाने सगळ्यात आधी ज्यांना फोन केले त्यात मी होतो. म्हणजे मी त्याच्या चार तोंडांपैकी एक झालो होतो. मला त्या रात्री खोटं बोलायचं होतं हो, इतकं मनापासून खोटं बोलायचं होतं, ती आत बसलेली आहे आणि मी म्हणतोय नाही आली, असं. तिने मला तेवढा चान्सही ठेवला नाही.

ती आता कुठे आहे, तो पोरगा बरोबर आहे का नाही, यातलं मला थोडंफार कळलंय. इथे लिहिणार नाही. लिहिलं तर परत एकदा सड्यावर चढल्यासारखं होईल.

पेटी मात्र दर मे महिन्यात येते. यंदाही आली. तुम्ही रेकीला होतात तेव्हा तुमच्या कॅमेरामनने आमच्या पडवीतल्या भिंतीवरच्या चौकोनी डागाचा फोटो काढला होता, "काका, काय टेक्स्चर आहे" म्हणून, ती तिथे लावलेल्या पाटीची जागा आहे.

तर आता तुमच्या मेसेजचं उत्तर. रोल करतो. मानधन जे ज्युनियर आर्टिस्टला देता ते द्या, जास्त नको. पण सीन बदलायचा. काकाने पोरांना आत घ्यायचं, जेवायला वाढायचं, गोड बोलायचं आणि फोन करायचा. बापाने बंदूक आणायची नाही, चपला काढून पडवीत बसायचं. काका इंटरवलला मरणार नाही, तो शेवटपर्यंत जिवंत राहील आणि शेवटी आंबा खाईल, ते कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा. प्रोड्युसर म्हणेल की पब्लिकला काका आवडणार नाही. थेटरात बसलेल्या पब्लिकमध्ये किती काका असतील याचा अंदाज त्याला नसेल कदाचित. तुम्हाला हे जमत नसेल तर राग नाही, घर शूटिंगला तरीही देईन, रोलला मात्र दुसरा चेहरा बघा, आमच्या गावात ओरिजिनल चेहरे भरपूर आहेत.

आणि जमत असेल तर फोनचा सीन घरात वायफायवर उरकायचा नाही. पाखाडीवर घ्यायचा, जुलैत, खऱ्या पावसात, आणि कट न मारता. खालपासून सड्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत, नंतर मोजल्या मी. कॅमेरा, बॅटऱ्या, प्लास्टिकचं छप्पर, सगळं डोक्यावरून वर न्यायला लागेल. चार गडी मी बघून ठेवतो, मजुरी तुमची.

तुमचा,
होमस्टेवाला काका
(ता. गुहागर, जि. रत्नागिरी)